पलंगाखालच्या मखराच्या पेट्या: शनिवारच्या आत काहीतरी करा

प्रेषक: भाऊ (वाहतूक)

मंडळी,
शनिवारी सकाळी सातला पेट्या हॉलवर पोचवायच्या आहेत आणि आपल्या कॅम्पर गाडीतल्या पलंगाचा प्रश्न अजून तसाच आहे. बाहेरच्या दारातून पहिली पेटी निघते. उरलेल्या दोन, लेझमांची पोती आणि स्पीकर काढायला आतून पलंग उचलावा लागतो. एकाने धरायचा, दुसऱ्याने खाली वाकायचं. आता गॅस स्ट्रट (दाबलेल्या वायूच्या जोराने पलंग वर धरणारे दांडे) बसवून टाकू म्हणतो. दुकानदार म्हणाला, डबल बेड आहे तर ६०० न्यूटन जोराची जोडी घ्या. घेऊ का? पलंग १३५ बाय १९५ सेंमी, बिजागऱ्या मागच्या भिंतीला, तिथून उचलायच्या कडेपर्यंत १३५. ४५ अंशांच्या पुढे छताचा दिवा आड येतो.

प्रेषक: नाना

भाऊ, ६०० अजिबात नको. आधी वजन कर. पलंगाच्या पुढच्या कडेखाली, बरोबर मधोमध, बाथरूमचा काटा ठेव. गादी, चादर, उशा, रजई सगळं वर असू दे. काटा दाखवेल त्याच्या दुप्पट एकूण वजन, कारण उरलेलं अर्धं बिजागऱ्या पेलतात. आकडा कळव, मग जोर काढू.

प्रेषक: भाऊ (वाहतूक)

१४.

प्रेषक: अक्का (सजावट)

स्ट्रट कशाला? ड्रॉवर करा. पलंग उचलला तरी पेटी उभी वर ओढायची म्हटल्यावर मखराचे कोपरे घासणारच, कमानीची डावी बाजू त्यानेच गेली आहे. एक मीटरचे जड कामाचे स्लाइड (ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या) मिळतात, जोडी १०० किलोपर्यंत पेलते. बंद आणि उघड्या, दोन्ही टोकांना लॉक होणारेच घ्या, नाहीतर पहिल्याच गोल चौकात ड्रॉवर दारावर आपटेल. दर बाजूला साधारण १९ मिमी जागा सोडावी लागते, घरच्या फर्निचरच्या स्लाइडला लागते तेवढ्यात भागत नाही. आणि पेट्यांत काय कुठे ठेवायचं ते सजावट विभागच ठरवेल, हे पुन्हा सांगते.

प्रेषक: नाना

म्हणजे २८ किलो. वजनाचा मध्य बिजागरीपासून ६७.५ सेंमीवर. ४५ अंशांवर उघडा राहायला बिजागरीभोवती फिरवणारा जोर १३१ न्यूटन-मीटर लागतो, बंद असताना १८५.

वरचा कंस (ब्रॅकेट) पलंगाच्या चौकटीला, बिजागरीपासून ३० सेंमीवर. खालचा कंस पलंगाखालच्या खोक्याच्या बाजूच्या फळीला, बिजागरीपासून ७५ सेंमी पुढे आणि तिच्या पातळीच्या १५ सेंमी खाली. असं बसवलं की उघडल्यावर स्ट्रटची रेषा बिजागरीपासून साडेएकोणतीस सेंमी लांब राहते, बंद असताना जेमतेम साडेनऊ. म्हणून उघड्या अवस्थेत प्रत्येकी २२२ न्यूटन पुरतात. थोडा वाढवून २५०चा घे. थंडीत, शून्य सेल्सियसला, वायूचा दाब सुमारे ७ टक्के उतरतो, २५०चा २३३ होतो, तरी पलंग वरच राहील.

लांबी: उघडल्यावर ६५ सेंमी, बंद झाल्यावर ४७. म्हणजे ६५० मिमीचा, किमान १८० मिमी चालीचा (दांडा आत-बाहेर सरकतो ते अंतर). २०० चालीचा मिळाला तर उत्तम. बंद होताना दांडा पूर्ण आत ठेचला जाता कामा नये.

६००ची जोडी लावलीस तर पलंग बंद करायला कडेवर १७ किलोचा जोर लागेल. २५०ला सव्वा किलो. शिवाय गादी धुवायला काढलीस की नुसती चौकट उसळून वर येईल आणि बिजागरीचे स्क्रू उपटतील. २५०चे असले तरी गादी काढताना स्ट्रटची वरची टोकं आधी सोडवायची.

उचलताना कड साधारण पाऊण मीटर वर येईपर्यंत हात लावावाच लागेल, जोर मात्र कमी कमी होत जातो. आज कडेला १४ किलो लागतात, मग साडेनऊ-दहा लागतील. स्ट्रट कमजोर आहे असं समजू नकोस, सुरुवातीला त्याची रेषा बिजागरीच्या जवळून जाते म्हणून तसं होतं.

प्रेषक: वहिनी (खजिनदार)

अक्का, ड्रॉवरचा खर्च मी थांबवत नाहीये, पण वजनाचं कोण बघणार? गाडीची सामानासकट मर्यादा ३,५०० किलो आहे आणि इथे ब्रिटनमध्ये १९९७पासून परवाना काढलेल्यांना नुसत्या कारच्या परवान्यावर त्याच्या वरची अशी गाडी चालवता येत नाही. शिवाय ते सगळं मागच्या चाकांच्या पाठीमागे येतं. चाकांमधलं अंतर ४.०३५ मीटर, पेट्या मागच्या ॲक्सलपासून दीड मीटर मागे. ६० किलो ठेवले की मागच्या ॲक्सलवर ८२ पडतात आणि पुढची चाकं २२ किलोंनी हलकी होतात. त्यात ड्रॉवरचं लाकूड आणि स्लाइड. स्पीकर तरी पुढे, जेवणाच्या बाकाखाली न्या.

प्रेषक: अक्का (सजावट)

स्पीकर सजावटीकडे नाहीत, कार्यक्रम समितीला विचारा. ड्रॉवर गणपती झाल्यावर करू, पण विषय बंद झाला असं कोणी लिहू नये.

प्रेषक: भाऊ (वाहतूक)

२५०ची जोडी मागवली, उद्या येते. नाना, गादीखालच्या लाकडी पट्ट्या काढून सरळ १८ मिमी प्लायच टाकू का? कंसाला घट्ट धरेल.

प्रेषक: नाना

नको. तेवढं बर्च प्लाय ३२ किलो भरेल, सगळा हिशेब कोलमडेल. शिवाय पट्ट्या गेल्या की गादीखालून हवा खेळत नाही, दोन थंड रात्रींत गादीची खालची बाजू ओली.

कंसाचं असं कर. खोक्याची फळी १२ मिमीची आहे, तिच्यात लाकडाचे स्क्रू टिकत नाहीत. ४० बाय ४० बाय ३ मिमीच्या ॲल्युमिनियम अँगलचा ३० सेंमीचा तुकडा फळीच्या मागून लाव. एम६चे (६ मिमी जाडीचे) बोल्ट आरपार, मोठे वॉशर, नायलॉक नट (हादऱ्यांनी सैल न होणारे). उजव्या बाजूने हीटरची नळी जाते, भोक पाडण्याआधी तिकडे हात घालून बघ. दोन्ही बाजूंचे कंस एकाच मापाने, नाहीतर पलंग तिरका वर येतो आणि बिजागरी पिळते.

सिलिंडर वर, दांडा खाली. आतलं तेल सीलवर राहतं, सील कोरडं पडलं की वायू झिरपतो. कधी एक स्ट्रट गेला तर जोडीच बदलायची.

पहिल्यांदा जोडताना पलंग काठीने टेकवून ठेव, गादी वर असू दे. पेट्या काढायला आत वाकाल तेव्हाही ती काठी लावायचीच, नवे स्ट्रट असले तरी.

प्रेषक: भाऊ (वाहतूक)

ठीक. ६.५ मिमीचं ड्रिल बिट कोणाकडे आहे? माझं तुटलंय. उद्या सहाच्या आत हवं.