एआय एजंटला टूल जोडलं म्हणजे गोडाउन चालतं काय?

उद्यमबागकर:
काल एकानं इथं लिहिलं की आताची एआय मॉडेलं हुशार झालीत, टूलचं (म्हणजे एजंटनं वापरायच्या प्रोग्रॅमचं) नाव आणि स्कीमा (काय काय भरायचं त्याचा साचा) दिली की एजंट, म्हणजे आपणहून टूल वापरून काम करणारं एआय, ते बरोबर वापरतो, डॉक्युमेंटेशन लिहीत बसायचे दिवस गेले. वाचल्यापासून डोकं फिरलंय म्हणून सविस्तर लिहालोय. अहो, एजंट काय तुमच्या गोडाउनात येऊन रॅक बघालाय? त्याला दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि काय काय भरायचं त्याची यादी, बस. २०२४ च्या नोव्हेंबरात एमसीपी, म्हणजे एजंटला टूलं जोडायची ठरलेली पद्धत, आलं, त्यातही मूळ गोष्ट हीच. आता स्टॉक ॲडजस्ट करायचं साधं टूल घ्या. आत 'क्वांटिटी', प्रकार नंबर, संपलं. एजंटनं ४० पाठवले तर शिल्लक ४० करायची की आहे त्यात ४० मिळवायचे? आणि ४० नग की ४० किलो? आमच्या फाउंड्री लाइनला कास्टिंग मोजतात नगावर आणि बिल बऱ्याचदा किलोवर. स्कीमात दोन्ही बसतं, एरर येत नाही, आकडा गुपचूप चुकतो आणि कळतं महिनाअखेरीला मोजणीत. क्यूसी होल्डवरचा, म्हणजे तपासणीसाठी अडवलेला, माल शिल्लकेत धरलाय का तेही कुठं लिहिलेलं नसतं, मग एजंट तोच माल डिस्पॅचला लावतो आणि शिव्या खातो गेटवरचा माणूस!

निपाणीवाला_कोडर:
ते मीच लिहिलेलं आणि अजून त्यावर ठाम आहे. वर्णनं लांबवली की काय होतं माहितीय? बहुतेक ठिकाणी प्रत्येक टूलचं वर्णन दरवेळी मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याला वाचायला दिलेल्या मजकुरात जातं, टूलं वाढली की एजंट सारखी दिसणारी दोन टूलं एकमेकांत घालतो. त्यापेक्षा टूलच नीट बांधा की. शिल्लक ठरवायचं टूल वेगळं, फरक टाकायचं वेगळं. युनिट सक्तीचं, तेही यादीतूनच निवडायचं. होल्डवरचा माल मागितला तर सर्व्हरनंच नकार द्यायचा आणि एररमध्ये कारण सांगायचं. 'आत जाऊ नये' असा बोर्ड लावण्यापेक्षा दाराला कुलूप घाला.

उद्यमबागकर:
कुलूप घालाच, कोण नको म्हणालंय? पण युनिटच्या यादीत 'बॅग' आली की बॅग किती किलोची हे कोण सांगणार, सर्व्हर? आणि जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, टाकताना नेट गेलं, उत्तर आलं नाही, एजंटनं परत टाकलं, माल दुप्पट. तोच चलन नंबर दुसऱ्यांदा आला तर टूल ओळखतं की नवीन एन्ट्री करतं, ही एक ओळ वर्णनात नको? एक ओळ लिहायला तुमचं काय जातंय?

खानापूर_स्टोअर:
तुमचं दोघांचं चालू दे, पण या ओळी सांगणार कोण? मी काजूच्या गोडाउनात आहे. कच्च्या काजूचं पोतं येताना ओल धरून येतं, ठेवलं की वाळतं, वजन उतरतं. ही घट नेहमीची आहे, पण सिस्टिमला ती तूट दिसते आणि बोट पहिलं आमच्याकडं. मागं एका ठिकाणी असलं सॉफ्टवेअर बसवायला पोरं आली, रोज ड्युटी संपल्यावर थांबवून सगळं विचारून घेतलं, कुठला लॉट आधी काढायचा, कुठल्या कोपऱ्यात पाणी झिरपतं, सगळं. सिस्टिम चालू झाली आणि रात्रपाळीचा स्टोअरकीपर कमी केला. तो माझा जोडीदार होता.

निपाणीवाला_कोडर:
वाईट झालं, पण विषय टूलच्या वर्णनाचा चाललाय, तुम्ही कामगारांचा मोर्चा घेऊन आलासा. माणूस मालकानं काढला, टूलनं नव्हे.

खानापूर_स्टोअर:
मोर्चा म्हणू नका. तुमच्या त्या 'नीट बांधलेल्या' टूलमधला नियम कुणाच्या डोक्यातून आला? घटीचा रीजन कोड, म्हणजे वजन कशामुळं उतरलं ते नोंदवायचा कोड, तुम्हाला ऑफिसात बसून सुचला असता?

होनगा_डिस्पॅच:
स्टोअरवाल्या दादांचं बरोबर आहे. आणि एकदा लिहून झालं म्हणजे संपलं असं कुठं असतंय ओ, आमच्याकडं पॅकिंग बदललं, पेटीत १२ चे १० नग झाले, वर्णनात १२ च राहिले. पार्टीचा फोन आला तेव्हा कळलं. वर्णन चालू ठेवायचं तर रोज माल हाताळणारा माणूसच पाहिजे, आणि ते त्याचं काम म्हणून पगारात धरायला पाहिजे, ड्युटीनंतर फुकटात नाही.

उद्यमबागकर:
पगाराचं माझ्या पोस्टीत नव्हतं, पण आता वाटालंय, तिथंच सगळं अडतंय. मालक एजंटला पैसे देतो, लिहिणाऱ्याला चहा पाजतो.

निपाणीवाला_कोडर:
बरं, घटीचं मला सुचलं नसतं, एवढं मान्य. बॅगच्या वजनाचीही एक ओळ घालतो. पण एकच ओळ, पानभर निबंध नाही! पगाराचं मात्र मालकाला विचारा, मला नव्हे.

खानापूर_स्टोअर:
मालकाला विचारून झालंय. तुम्ही कोटेशन देतासा ना, त्यात आमच्या तासांचे पैसे वेगळे दाखवा. ते दिसल्याशिवाय पुढच्या वेळी कुठला लॉट आधी काढायचा ते मी सांगणार नाही.