शेवटी भावंडांची गाठ पडायलाच हवी का?

पारंबी:
अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या बऱ्याच ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून झाल्या. १८६५ साली यादवी युद्ध संपतं, वेगवेगळ्या मालकांना विकलेली बहीणभावंडं एकमेकांना शोधत निघतात आणि शेवटच्या प्रकरणात हमखास भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. मुक्त झालेल्या माणसांनी वर्तमानपत्रांत छापलेली शोधपत्रं आजही वाचायला मिळतात. आईचं नाव, मालकाचं नाव, धाकटा कुणाला विकला. बस, एवढ्याच खुणा, त्याही वीस-तीस वर्षं जुन्या. बहुतेकांना कुणीच सापडलं नाही. कादंबरीत भेट घडवली की आपण डोळे पुसून पुस्तक मिटतो. त्यांचं दुःख मात्र मिटलं नव्हतं.

गवतीचहा:
ताई, असहमत. न्यू ऑर्लिन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट'मध्ये अशा पत्रांचं सदरच होतं. वर्गणीदार नसलेल्याला एका पत्राचे ५० सेंट पडायचे. वर पाद्र्यांना विनंती असायची, की ही पत्रं चर्चमध्ये वाचून दाखवा. कुणीतरी नाव ओळखेल म्हणूनच ना? आणि काहींची गाठ पडलीही. मग ती लिहिली तर खोटं कसं?

पारंबी:
खोटं नाही, अपुरं. मिसिसिपी राज्याने १८६५ च्या नोव्हेंबरातच कायदा केला: अठरा वर्षांखालची अनाथ किंवा गरीब कृष्णवर्णीय मुलं 'उमेदवार', म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून कामाला बांधायची, आणि त्यात पहिला हक्क जुन्या मालकाचा! बहीण मोकळी, भाऊ पुन्हा त्याच वाड्यावर. गळाभेटीवर गोष्ट संपवली की हे सगळं बाहेरच राहतं.

कोरांटी:
कायद्याबद्दल पारंबीताईंशी सहमत, पण भेट नकोच हे काही पटत नाही. मला आडनावाचा प्रश्न जास्त छळतो. मालक बदलला की आडनाव बदलायचं, सुटल्यावर कित्येकांनी स्वतःचं नवं घेतलं. एकाच आईची लेकरं तीन आडनावांची! बहिणीने कोणत्या नावाने हाक मारायची? माणूस म्हणून ताठ उभं राहणं इथून सुरू होतं, त्यावर पानंच्या पानं लिहा.

गवतीचहा:
हे आवडलं. तरी माझं मत कायम. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, ती आपल्याकडेही हे होईल या उमेदीनेच. उमेद म्हणजे फसवणूक नव्हे.

पारंबी:
उमेद हवीच, दादा. माझी नायिका ते पत्र घेऊन दर रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर बसेल. नाव वाचलं जाईल. कुणी उठणार नाही. पुढच्या रविवारी ती पुन्हा येईल.