जे काम मनापासून करायचंय तेच का पुढे ढकललं जातं?

प्रश्न:
ऑफिसचं काम, बिलं, आवराआवर सगळं माझं वेळेत होतं, मला आळशी कोणी म्हणणार नाही. पण आजीच्या आठवणी लिहायच्या ठरवून 2 वर्षं झाली आणि पानं झालीत 14. रविवारची सकाळ मुद्दाम मोकळी ठेवते, फाइल उघडते आणि पाच मिनिटांत उठून कपाट आवरायला लागते, मग दिवसभर ते टोचत राहतं. टाइमटेबल करून बघितलं, अॅप टाकून बघितलं, काही टिकलं नाही. ज्याची एवढी आस आहे तेच का टाळते मी?

प्रतिसाद १:
टाइमटेबलने जमणार नाही ताई, कारण अडचण वेळेची नाहीच आहे. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये हेच मांडलंय, की चालढकल म्हणजे त्या घडीला नकोशा वाटणाऱ्या भावनेपासून सुटका करून घेणं. फाइल उघडली की पोटात कसंतरी होतं, कपाटाकडे गेलात की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच पुढच्या रविवारी परत तुम्हाला उठवतं. बिल भरताना आपलं काही पणाला लागलेलं नसतं हो, आजीबद्दल लिहिताना सगळंच लागतं. पुढच्या वेळी उठावंसं वाटलं की दोन मिनिटं बसूनच राहा आणि नक्की कशाची भीती वाटतेय ते एका ओळीत लिहून काढा.

प्रतिसाद २:
वरचं पटतं, पण मला वाटतं की कोणी वाट बघत नाहीये हेपण मोठं कारण आहे. एरिएली आणि वर्टेनब्रोख यांचा 2002 चा अभ्यास आहे, त्यात स्वतःच्या तारखा स्वतः ठरवलेल्यांचं काम सगळं शेवटच्या दिवसावर सोडलेल्यांपेक्षा चांगलं झालं, पण बाहेरून समान अंतराने तारखा दिलेल्यांइतकं नाही. माझा प्रबंध असाच रखडला होता, शेवटी एका मैत्रिणीला दर शुक्रवारी एक पान पाठवायचं ठरवलं, तिने वाचायचं नाही, फक्त 'मिळालं' म्हणायचं. बाकी काहीच बदललं नाही तरी पानं व्हायला लागली.

प्रतिसाद ३:
'आजीच्या आठवणी लिहायच्या' हे काम बसल्या बैठकीला करता येण्यासारखं नाहीये, म्हणून हात चालत नाही. सकाळी दात घासून झाले की आजीच्या हातांबद्दल तीन ओळी, एवढंच ठरवा. असं 'अमुक झालं की तमुक करेन' ठरवल्याने ठरवलेलं पार पडायची शक्यता चांगलीच वाढते, गोलविट्झर आणि शीरन यांनी 2006 मध्ये 94 चाचण्या एकत्र करून हे दाखवलंय. ओळी वाईट आल्या तरी राहू द्या, त्या दिवशी खोडायचं नाही. आणि गेलेल्या दोन वर्षांबद्दल स्वतःला माफ करा, हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीये, 2010 च्या एका अभ्यासात पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ केलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी कमी टाळाटाळ केली होती.

प्रश्नकर्ती:
दोन मिनिटं बसून राहिले आज. कागदावर आलं ते असं, की एकदा शब्दांत उतरवली की आजी तेवढीच उरेल. हे मला माहीतच नव्हतं, लिहिताना रडू आलं. मग तिच्या चष्म्याबद्दल तीन ओळी लिहिल्या, एक काडी तुटली होती तिथे ती दोरा बांधायची. शुक्रवारचं पान मावसबहिणीला पाठवणार आहे, तिलाही तो दोरा आठवत असेल.