इलेक्ट्रिक पिकअपची करसवलत: नेमकी कोणाच्या खिशात गेली?

पाटीलबुवा (टेक्सास):
अमेरिकी केंद्र सरकारची इलेक्ट्रिक गाड्यांवरची सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. आमच्या ग्रुपवर सुतकच होतं. मला काडीचं दुःख नाही, निदान पिकअपपुरतं तरी. फोर्डची इलेक्ट्रिक पिकअप एफ-१५० लाइटनिंग मे २०२१ मध्ये जाहीर झाली तेव्हा सर्वांत साधं मॉडेल ३९,९७४ डॉलरला होतं. मार्च २०२३ मध्ये तेच ५९,९७४ ला! मध्ये ऑगस्ट २०२२ चा कायदा आला: सूट हवी तर किमतीला मर्यादा, साध्या कारला ५५,००० ची, पिकअपला ८०,००० ची. सूट गिऱ्हाइकाच्या नावावर, मलई कंपनीला.

डेट्रॉइटची सून:
असहमत. अहो बुवा, ७,५०० डॉलरची सूट लाइटनिंगला त्या कायद्याआधीही होतीच, आणि तेव्हा किमतीला मर्यादाच नव्हती! ८०,००० ची वेस या कायद्यानेच घातली. शिवाय जुलै २०२३ मध्ये साधं मॉडेल ४९,९९५ वर उतरलं, सूट तेव्हाही तीच. भाव वर गेला तो बॅटरीच्या कच्च्या मालामुळे. माल स्वस्त झाला, कारखान्याची क्षमता वाढली, तसा उतरला. सगळ्याचं खापर सवलतीवर कशाला?

पाटीलबुवा:
पहिला मुद्दा मान्य, तो विसरलोच होतो. पण टेस्लाच्या इलेक्ट्रिक पिकअपचं, सायबरट्रकचं काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन मोटरवाल्या मॉडेलची किंमत ७९,९९०. वेशीच्या अलीकडे बरोबर दहा डॉलर! २०१९ मध्ये ४९,९०० सांगितले होते. हा काय योगायोग?

हिशेबनीस:
तुम्ही दोघंही मुख्य दारावर भांडताय, मागचं दार सताड उघडं होतं. लीजवर, म्हणजे लांब मुदतीच्या भाड्यावर घेतली की ती व्यावसायिक गाडी, वेगळं कलम. त्यात ना ८०,००० ची अट, ना उत्पन्नाची, ना उत्तर अमेरिकेत जोडणीची. सूट लीज कंपनीला मिळायची. ती पुढे द्यायची की नाही, तिची मर्जी. लाख डॉलरच्या ट्रकवालाही आत.

डेट्रॉइटची सून:
मग दार बंद करा ना, घर कशाला पाडता?

एकटा जीव:
माझी कथा ऐका. २०२४ पासून सूट डीलरकडेच कापून मिळायची, घेतली. एकट्या करदात्याला उत्पन्नमर्यादा १,५०,०००. खरेदीच्या किंवा आदल्या वर्षी त्याच्या आत असलात तरी चालायचं. आदलं वर्ष वरच होतं, यंदा आत राहीन असा अंदाज. डिसेंबरात बोनस आला, पेढे वाटले. एप्रिलमध्ये रिटर्नबरोबर पूर्ण ७,५०० सरकारला परत भरले! हप्ता मात्र चालूच आहे.

पाटीलबुवा:
पाहा, तुमच्या खिशातही नाही उरली.

एकटा जीव:
बोनस होता हो बुवा, रडत नाहीये. पण सूट नसती तर ट्रकच घेतला नसता, तेही खरं.