इस्लामिक बँकेचं अ‍ॅप: व्याज नाही, मग शुल्क कशाचं?

प्रश्न: व्याज नको म्हणून मुदारबा, म्हणजे नफ्याच्या वाटणीचं, खातं उघडलं. परवा अ‍ॅपवरून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवले, तर शुल्क कापलं. आता छोटी रक्कम असली की हात आखडतो, सरळ शाखेत जातो. हे मागच्या दाराने आलेलं व्याजच ना?

उत्तर १: नाही हो. रिबा (व्याज) म्हणजे कर्जाऊ रकमेवर आधीच ठरवलेली वाढ. हा कामाचा मोबदला, उजरा. आणि शाखेत जायचं भाडं, मोडलेला अर्धा दिवस? ते कोण मोजणार?

उत्तर २: मला शुल्काचं एवढं नाही वाटत, नफ्याचं वाटतं. मुदारबात दर ठरलेला नसतो, वाटणीचं प्रमाण ठरलेलं असतं. बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर तोटा ठेवीदाराचा. माझ्या अ‍ॅपवर महिनाअखेर नुसता ‘नफा जमा’ असा आकडा येतो, प्रमाण कुठेच नाही. म्हणून मोठी ठेव अजून शाखेत जाऊन कागदावरच करतो.

उत्तर ३: माझा मुराबहाचा (बँक वस्तू विकत घेऊन, नफा जोडून आपल्याला हप्त्यांवर विकते) हप्ता चुकला होता. उशिराचा दंड सहसा दानधर्मात जातो, बँकेच्या नफ्यात नाही. पण खिसा तर माझाच हलका झाला! तेव्हापासून हप्ता अ‍ॅपवरच.

प्रश्नकर्ता: भाड्याचा हिशेब केला. शुल्काच्या दुप्पट निघालं.