दाराला कोणतं लॅच बसवू? आजच सांगा

रानजाई: मुख्य दाराचा कोयंडा दुसऱ्यांदा उचकटलाय. आता भारीतलं लॅच आणणार, ३००० पर्यंत. कोणतं घेऊ? दुकान आठला बंद होतं.

पटाशी: कुलूप तुटलं की कोयंडा स्क्रूसकट निघाला? चौकट लाकडी की लोखंडी? दार किती जाड? आत उघडतं की बाहेर?

रानजाई: स्क्रूसकट. कुलूप शाबूत आहे. लाकडी. फ्लश डोअर, ३० मिमी. लॅचचं सांगा ना!

हिरवा_चाफा: कॅमेरा लावा, मोबाईलवर सगळं दिसतं.

पटाशी: चाफा, कॅमेरा चोर दाखवतो, अडवत नाही. रानजाई, कुलूप शाबूत आहे म्हणजे दोष पकडीचा, नवं लॅचही तसंच निघेल. अर्ध्या-पाऊण इंची स्क्रू पहारीच्या एका हिसक्यात सुटतात. कोयंडा आरपार बसवा: ८ मिमीचे कॅरेज बोल्ट, गोल डोकं बाहेर, आतून रुंद वायसर आणि नट. गोल डोक्याला पाना लागत नाही. चौकटीकडच्या पट्टीला ३ इंची स्क्रू, पण आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरतं. जुनी भोकं वापरू नका, पट्टी दोन इंच वर सरकवा.

ओसरी: बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घरी कुणी नाही याची पाटीच! मॉर्टिस बसवा, दाराच्या जाडीत खाच पाडून आत बसतं ते कुलूप.

पटाशी: पाटीचं खरं आहे. पण ३० मिमीच्या दारात मॉर्टिसची खाच पाडली की दोन्हीकडे जेमतेम ६-७ मिमी लाकूड उरतं. दार तिथेच फुटतं.

दांडपट्टा: उशाशी काठी ठेवा. रात्री घरात घुसलेल्याला मारलं तर गुन्हा लागत नाही.

कलमकसई: अर्धवट माहिती देऊ नका. मालमत्ता वाचवताना जीव घेण्यापर्यंतचा बचाव कधी चालतो ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये आहे, त्यात रात्रीची घरफोडी येते, पण कलम ३७ ची मर्यादा आहेच: बचावाला लागेल तेवढीच इजा. रिकाम्या हाताने पळणाऱ्याला गाठून मारलं तर तो बचाव नव्हे. आधी मुलांना घेऊन आतल्या खोलीत जा, कडी लावा, ११२ फिरवा.

रानजाई: बोल्ट आणले. दार बाहेर उघडतं, बिजागऱ्या बाहेरच आहेत. चालेल ना?

पटाशी: हे आधी सांगायचं हो! बाहेरून बिजागरीची पिन ठोकून काढली की कोयंडा कितीही पक्का असो, दार निघतं. प्रत्येक बिजागरीजवळ दाराच्या कडेत ८ मिमीची सळई ठोका, १२ मिमी बाहेर ठेवा. समोर चौकटीत ९ मिमीचं भोक. दार मिटलं की सळई चौकटीत अडकते.