देव राखतो, की आपण धरून राहतो?

जुना_नगरी

सर्वांना सलाम. विषय घरातूनच निघाला आहे. माझा मावसभाऊ पुण्यात नोकरीला. चार वर्षांत मंडळीत (चर्चमध्ये) पाय नाही, आणि परवा त्यानं सरळ सांगून टाकलं की आता आपला विश्वास उरलेला नाही. मावशी हादरली. तिची समजूत काढायला एक नातेवाईक आले आणि म्हणाले, "तो मुळात आपला नव्हताच. असता तर राहिला असता. बायबलमध्ये १ योहान २:१९ काढून बघ." मावशी दोन दिवस जेवली नाही.

मी त्या शिकवणीचा विरोधक नाही, हे आधीच सांगतो. ज्याला देवानं खरोखर आपलं केलं त्याला तो शेवटपर्यंत राखतो असंच मी मानतो. योहान १०:२८ मध्ये येशू म्हणतो की माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. पुढच्याच ओवीत पित्याचा हात येतो, म्हणजे पकड दुहेरी. १ पेत्र १:५ मध्ये 'राखलेले' म्हणून जो ग्रीक शब्द आहे तो लष्करी आहे, पहाऱ्याचा. दिमिष्कच्या (दमास्कसच्या) अधिकाऱ्यानं प्रेषित पौलाला पकडायला शहरावर पहारा बसवला होता, तिथेही (२ करिंथ ११:३२) पौल हाच शब्द वापरतो. देवाचं सामर्थ्य म्हणजे विश्वासणाऱ्याभोवती बसवलेली शिबंदी.

पण ही शिकवण भित्र्या माणसाला धीर द्यायला आहे, दुसऱ्याच्या पोराचा पंचनामा करायला नाही. ज्या नातेवाइकानं ती ओवी फेकली त्याला भावाच्या काळजातलं काय दिसलं? योहान एका मंडळीतून फुटून गेलेल्या खोट्या शिक्षकांबद्दल लिहीत होता. तुमचं मत सांगा.

वेस्लीचा_नातू

नगरकर, पहाऱ्याचा दाखला छान आहे, पण ओवी अर्धीच वाचलीत. 'देवाच्या शक्तीनं' राखलेले, कशाच्या योगे? 'विश्वासाच्या योगे'. आपल्याकडे किल्ल्यांचा इतिहास काय सांगतो? तोफांनी जितके पडले तितकेच फितुरीनं आणि आतून दरवाजा उघडल्यानं गेले. शिबंदी बाहेरच्या शत्रूला अडवते. आतल्यानंच दिंडी उघडली तर?

आम्ही मेथडिस्ट. आमच्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली, त्यानं १७५१ मध्ये याच विषयावर छोटं पुस्तक लिहिलं आणि खरा विश्वासणाराही पडू शकतो, नाश पावू शकतो, असं स्पष्ट मांडलं. इब्री ६:४-६ वाचा. एकदा प्रकाश मिळालेले, स्वर्गीय दानाची रुची घेतलेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले, आणि मग पतन पावलेले. हे सगळे 'कधी नव्हतेच' म्हणायचे असेल तर पवित्र आत्म्याचा भागीदार या शब्दाला अर्थ काय उरला?

जुना_नगरी

दिंडी आतून उघडू नये म्हणूनच तर पहारा. माझ्या विश्वासाला सगळ्यात मोठा धोका मीच आहे. चोराला अडवणारा पण मालक स्वतःच तिजोरी विहिरीत टाकायला निघाला तर गप्प बसणारा रखवालदार मला नको. 'विश्वासाच्या योगे' म्हणजे देव तो विश्वासच तेवत ठेवतो.

आणि इब्री ६ माझ्या गळ्यात अडकतं, खोटं कशाला बोलू. पण प्रेषितांची कृत्ये २७ बघा. तारवात २७६ माणसं. वादळात देवदूत पौलाला सांगतो की एकाचाही जीव जाणार नाही. वचन पक्कं. खलाशी गुपचूप होडी सोडून पळायला लागतात तेव्हा तोच पौल शताधिपतीला (रोमी लष्करी अधिकाऱ्याला) म्हणतो, ही माणसं तारवात राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. इशाराही खरा. मग शिपाई होडीचे दोर कापतात. सगळे जिवंत किनाऱ्याला लागतात. माझ्या मते इब्रीचे इशारे म्हणजे ते दोर कापणं. देव राखतो तो इशारे देऊन, धाक दाखवून, कधी आपली पळायची होडी समुद्रात सोडून देऊन.

वेस्लीचा_नातू

दाखला आवडला, पण तिथे प्रश्न जिवाचा होता, विश्वासाचा नाही. आणि खड्डा कधीच नसेल तिथे 'खड्ड्यात पडशील' असं ओरडणं हे बापाचं काम की बागुलबुवा दाखवणाऱ्याचं?

टाळकरी

ख्रिस्ती नाही, वारकरी आहे, वाचतोय बराच वेळ. हा वाद दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत शतकानुशतकं चालू आहे. त्यांच्या दोन शाखा. वडकलै म्हणतात माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगतं, भक्तानंही तसं धरावं. तेनकलै म्हणतात मांजरी पिल्लाला मानगुटीला धरून नेते, पिल्लानं काहीच करायचं नाही. नगरकर मांजरीचे, वेस्लीवाले माकडाचे. बरोबर ना?

जुना_नगरी

जवळजवळ. फक्त आमचं पिल्लू ओरबाडतं, ओरडतं, आईला चावतंसुद्धा. निपचित लोंबकळत नाही.

बंदरकर

वसईतून बोलतोय, कॅथलिक. तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरता: मी टिकणार की नाही हे आजच कळायला हवं. आमच्याकडे ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५४७ मध्ये सांगितलं की खास प्रकटीकरण झाल्याशिवाय शेवटपर्यंत टिकण्याचं दान आपल्याला मिळणारच अशी पूर्ण खात्री कुणी बाळगू नये. निराशा नव्हे, नम्रता. म्हणून तर रोझरीत, म्हणजे मरियेच्या जपमाळेत, 'नमो मरिये'च्या प्रत्येक मण्याला 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' म्हणतो. आता आणि मरणाची वेळ, मधलं सगळं त्यात आलं.

प्राचीन चर्चचा धर्मगुरू ऑगस्टिन, त्यानं आयुष्याच्या अखेरीस, ४२९ च्या सुमारास, टिकून राहणं हे देवाचं दान आहे यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचा युक्तिवाद साधा: प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज तेच तर मागतो. आपल्याच हातात असतं तर मागायचं कशाला? तिथपर्यंत मी नगरकरांसोबत. पण मागणं रोज लागतं, म्हणजे पावती आधीच खिशात नाही. तिथून पुढे मी सोबत नाही.

आता_बाहेरचा

नगरकर, मी तुमचा मावसभाऊ नाही, पण असू शकलो असतो. अकरा वर्षं संडे स्कूल शिकवलं. बायबल दोनदा पूर्ण वाचलं. प्रार्थनेत रडलो ते नाटक नव्हतं. हळूहळू गेलं सगळं. एक दिवस बसलो प्रार्थनेला आणि लक्षात आलं की मी भिंतीशी बोलतोय.

तुमचा सिद्धांत मला दोनच जागा देतो. एक, मी परत येईन. दोन, मी कधीच खरा नव्हतो. 'होता, आणि गेला' ही तिसरी जागाच नाही. ती माझी जागा आहे. कॅनडाचा चार्ल्स टेंपलटन प्रसिद्ध अमेरिकी प्रवचनकार बिली ग्रॅहमच्या बरोबरीनं प्रवचनं करायचा, हजारो लोक त्याच्या सभेत पुढे यायचे. १९५७ मध्ये त्यानं विश्वास सोडल्याचं जाहीर केलं. तोही खोटा? मग ग्रॅहमच्या खरेपणाची चाचणी तो हयात असताना कुणी कशी केली असती? जो सिद्धांत फक्त मेलेल्या माणसाबद्दल खात्री देतो तो जिवंत माणसाला काय धीर देणार?

पंडिता रमाबाई स्वतःच्या साक्षीत लिहितात की १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त मिळालेला नाही. रमाबाईंना आठ वर्षं कळलं नाही, आणि तुमच्या नातेवाइकाला माझ्याबद्दल एका ओवीत कळतं!

जुना_नगरी

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. धागा काढला तोच त्यासाठी.

तिसऱ्या जागेबद्दल: तुमचं रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही, म्हणायचा अधिकार नाही. १६१८-१९ च्या हॉलंडमधल्या डॉर्टच्या चर्चसभेनं ही शिकवण नीट बांधली, तिथेच दावीद राजा आणि येशूचा शिष्य पेत्र यांच्या पडण्याचा उल्लेख नाव घेऊन आहे. मोठे लोक भयंकर पडतात, हे तिथे मान्यच आहे. आणि ज्यांच्या विरोधात ती सभा भरली त्यांनीही १६१० च्या आपल्या निवेदनात या एका मुद्द्यावर ठाम 'नाही' म्हटलं नव्हतं. पवित्र शास्त्रातून आणखी तपासायला हवं, एवढंच लिहिलं. चारशे वर्षांपूर्वीच्या भांडखोरांना जो संकोच होता तो आमच्या घरच्या माणसाला नसावा, हे दुःख.

आणि ज्याची गोष्ट संपलेली नाही त्याच्याबद्दल मी पूर्णविराम देत नाही. टॉमस क्रॅन्मर घ्या. इंग्लंडचा प्रॉटेस्टंट आर्चबिशप, तुरुंगात एकामागून एक माफीनामे लिहून दिले, जे शिकवलं ते सगळं नाकारलं. २१ मार्च १५५६ ला ऑक्सफर्डमध्ये जाळायला नेलं तेव्हा त्यानं ते माफीनामे फिरवले, आणि ज्या उजव्या हातानं सह्या केल्या तो हात आधी आगीत धरला.

वेस्लीचा_नातू

आणि २० मार्चच्या रात्री तो तुरुंगात तापानं मेला असता तर?

जुना_नगरी

मेला नाही. राखतो म्हणजे काय, हेच.

आता_बाहेरचा

याला इकडे 'छापा पडला तर मी जिंकलो, काटा पडला तर तू हरलास' म्हणतात. क्रॅन्मर वाचला तर देवानं राखला. टेंपलटन गेला तर तो कधी होताच कुठे. चुकण्याची सोयच ठेवलेली नाही.

आणि पेत्राचं म्हणाल तर लूक २२:३२ मध्ये येशू त्याला सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. सुंदर. त्याच मेजावर येशूला धरून देणारा यहूदाही बसला होता. त्याच्यासाठी का नाही केली? राखणं पूर्णपणे राखणाऱ्याच्या हातात असेल तर न राखलेल्यांचा हिशेब कुणाकडे मागायचा?

बंदरकर

नगरकर, यावर उत्तर द्या. मलाही ऐकायचंय.

जुना_नगरी

माझ्याकडे यहूदाचं उत्तर नाही. योहान १७:१२ मध्ये येशू म्हणतो, मी त्यांना राखलं, नाशाच्या पुत्राशिवाय कोणाचा नाश झाला नाही. त्यापुढे मला कुठलाच भाष्यकार समाधानकारक वाटलेला नाही. छापा-काट्याचा आरोपही बाहेरून बघणाऱ्याला रास्त वाटेल. पण मी हा सिद्धांत बाहेरून हिशेब करायला धरलेला नाही. वडील गेले त्या वर्षी मी प्रार्थना करू शकत नव्हतो, सात महिने. धरून ठेवणं माझ्यावर असतं तर मी तेव्हाच सुटलो असतो. मी धरलेलं नव्हतं आणि तरी मी इथे आहे. हा पुरावा नाही, माहीत आहे. पण माझ्याजवळ आहे तो एवढाच.

वेस्लीचा_नातू

यावर वाद घालणार नाही. फक्त एवढंच की तुमच्या मंडळीतल्या चार बायकांनी त्या सात महिन्यांत तुमच्या घरी डबा पोचवला असेल, तर तेही राखण्यात धरा.

जुना_नगरी

चार नव्हत्या, दोन होत्या. बाकी बरोबर.

मार्था६२

मी इथे फार लिहीत नाही. आता_बाहेरचा, एक विचारू का बाळा? तुझी आई असेल तर ती तुझ्यासाठी अजून प्रार्थना करते का? त्याचा तुला राग येतो का? माझाही एक मुलगा आहे, म्हणून विचारते. मी त्याला काही बोलत नाही, रात्री त्याच्या खोलीच्या बाहेर उभी राहून म्हणते.

आता_बाहेरचा

राग नाही येत, ताई. आई हॉलमध्येच बसून करते, माझं नाव घेऊन, मोठ्यानं. ती सुरू झाली की मी टीव्हीचा आवाज कमी करतो.

यालाच कुणी 'बघा, देव राखतोय' म्हणालं तर मात्र परत वाढवीन.